अण्णांच्या मापाच्या काठ्या

आमच्या बेसिनवरच्या आरशात मला माझं कपाळ तेवढं दिसतं. दाढी मी खिडकीशी बसून, हातातल्या लहान आरशात बघून करतो. घर भाड्यानं घेतलं त्याच आठवड्यात बायको म्हणाली होती, "आरसा जरा खाली घ्यायला सांगा की मालकांना." मी सांगितलं. मालक जिना चढून वर आले, आरशासमोर उभे राहिले, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मला तर बरोब्बर दिसतंय." आणि खाली निघून गेले.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. दोन खिळे काढले की आरसा खाली येईल. मी अजून काढलेले नाहीत.

मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. खासबागेतलं हे घर त्यांनी लष्कराच्या बांधकाम खात्यातून निवृत्त व्हायच्या आधी बांधलं. नकाशा त्यांनीच काढला आणि माप स्वतःचंच धरलं. अण्णा साडेसहा फुटांना थोडेच कमी होते. त्यामुळे स्वयंपाकाचा ओटा बायकोच्या छातीला लागायचा, विजेची बटणं दाबायला मला टाचा उंचवाव्या लागायच्या आणि वरच्या फळीवर ठेवलेली वस्तू आम्ही गेली असंच समजायचो. बायकोनं ओट्याची तक्रार केली तेव्हा मात्र अण्णा हसले नाहीत. सुताराकडून त्यांनी एक पाट करून आणला. सागवानी, रुंद, खाली चार ठोकळे. "ताई, ह्याच्यावर उभं राहा. ओटा पाडायचा म्हटलं तर भिंत जाईल." बायको त्या पाटावर उभी राहून पोळ्या करायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या मालकांनी मला स्टेज बांधून दिलंय."

घरातली सगळी दारं एका मापाची होती. अण्णांच्या डोक्यावर अंगठा टेकवून वीत उभी केली की करंगळी चौकटीच्या वरच्या लाकडाला लागायची. हे मला माहीत आहे, कारण हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना ते रोज तसं करायचे. दारात क्षणभर थांबायचे, हात डोक्यावर न्यायचे, करंगळी लाकडाला लागली की पुढं जायचे. सुरुवातीला मला तो नमस्काराचाच काही प्रकार वाटला होता. विचारलं तर म्हणाले, "घर बसलंय का बघतो. पाया खचला तर आधी चौकट सांगते."

बुद्धाची तसबीरही त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत होती. आम्ही बाकीचे मान वर करून बघायचो.

अण्णा वाकत नसत. हे शब्दशः घ्यायचं. जमिनीवरची वस्तू उचलायची तर पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसायचे आणि तसेच उठायचे. दुसऱ्यांची घरं त्यांच्या मापाची नव्हती, म्हणून ते दुसऱ्यांच्या घरात जात नसत. दारापर्यंत जायचे, बाहेर उभे राहायचे आणि तिथूनच गप्पा मारायचे. ओळखीच्या लोकांना हे माहीत झालं होतं. अण्णा दिसले की खुर्ची रस्त्यावर यायची.

एकदा त्यांच्या बहिणीसाठी लुगडं घ्यायला मी त्यांच्याबरोबर शहापुरात गेलो होतो. गल्ली अरुंद, दुकान जुनं, दार माझ्याही डोक्याला लागेल इतकं ठेंगणं. अण्णा पायरीशी थांबले.

"आत या की ओ साहेब," दुकानदार म्हणाला. "आत लाईट हाय, रंग दिसंल."

"उन्हात रंग खरा दिसतोय. हितंच दाखवा."

"वाकायचा तरास व्हय?"

"वाकायचा न्हाई. वाकल्यावर पुन्हा सरळ व्हायचा."

दुकानदार हसला. पण अण्णा हसले नव्हते, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं निमूट गल्लीतच घडी मोडली. दोन सायकली आणि एक म्हैस थांबली. लुगडं जांभळ्या काठाचं होतं.

परतीच्या वाटेवर न विचारता ते शाळेबद्दल बोलले. निपाणीजवळच्या त्यांच्या गावात मास्तर त्यांना सगळ्यांच्या मागं, दाराबाहेरच्या पायरीवर बसवायचे. "म्हणायचे, तू उंच हाईस, तुझ्यामुळं बाकीच्यांस्नी फळा दिसत न्हाई. मी खरंच उंच हुतो. त्यामुळं कारण उंचीचं हुतं का दुसरं, हे मला कधी कळलंच न्हाई. त्यांचीबी सोय झाली." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "पायरीवरनं फळा बघायला वाकायला लागायचं. चौकट आडवी यायची."

एवढंच. हा विषय पुन्हा त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. आई तंबाखूच्या वखारीत होती, वडील मिळेल ते करायचे, दोघंही शेवटी पाठीतून मोडून गेले, हे मला पुढं त्यांच्या थोरल्या बहिणीकडून कळलं. त्यांना सगळे आक्का म्हणत. आक्का भावाच्या कोपराला लागतील एवढ्या होत्या आणि जगात अण्णांवर ओरडणाऱ्या त्या एकट्याच होत्या. लग्न अण्णांनी केलं नव्हतं. "पोरगी बघायला कुणाच्या घरात शिरंल तर हुईल की लगीन," आक्का म्हणायच्या. "ह्यो दारातच हुबा."

असा माणूस गोल्फसारख्या खेळात कसा गेला, हे खासबागेत कुणालाच कळायचं नाही. कॅम्पात झाडांच्या मधून मैदान आहे, तिथं लष्करातली माणसं खेळतात. त्याच्या भिंती आणि नळ बघायचं काम नोकरीत अण्णांकडं होतं. बदली होऊन निघालेल्या एका साहेबानं आपली जुनी बॅग त्यांना देऊन टाकली. तिथून सुरू झालं. खेळणारे ज्याला क्लब म्हणतात त्याला अण्णा काठीच म्हणायचे. खाली लोखंडाचं पातं असलेली काठी. चेंडू किती लांब घालवायचा त्यावर तिचा नंबर.

निवृत्तीनंतरही त्यांना तिथं खेळू देत. मी ग्रंथालयात नोकरीला, तिथं सुट्टी असली की बरोबर जायचो. मी खेळत नव्हतो. झाडाखाली पुस्तक घेऊन बसायचो आणि अधूनमधून मान वर करायचो. म्हणून मला पक्कं आठवतं की अण्णांना वाकलेलं मी फक्त तिथं बघितलं. त्या साहेबाच्या काठ्या साहेबाच्या मापाच्या होत्या. अण्णांचे हात चेंडूपासून फार वर राहायचे. काठी जमिनीला टेकवायची तर खांदे पाडून, पाठीला पोक काढून उभं राहावं लागायचं. शिवाय काठी उभी धरली गेल्यानं पात्याचं टोक मातीत रुतायचं आणि चेंडू उजवीकडं झाडांत जायचा. ते चेंडू शोधत झाडांत फिरायचे तेव्हा लांबून एक टोपी तेवढी झुडपांवरून जाताना दिसायची. तिथले जुने खेळाडू चेष्टा करायचे, "नीलगिरी चालली बघा."

"अण्णा, दुसरा एखादा खेळ बघा की," मी एकदा म्हणालो.

"खेळात दोष न्हाई. ह्या खेळात कमरेतून कलायचं असतंय, पाठ सरळच ऱ्हाते. ही काठी मला वाकवायला लागलीया." त्यांनी काठी माझ्यासमोर धरली. "माझ्या मापाची काठी असती तर मी हितंबी सरळ उभा ऱ्हायलो असतो."

मापाची काठी करून देणारा माणूस पुण्या-बंगळूरला असेल असं आम्ही धरून चाललो होतो. तो निघाला उद्यमबागेत. बसवराज नावाचे इंजिनिअर, स्वतःचा लहानसा कारखाना, पंपाचे भाग करायचे. खेळाचा नाद असल्यामुळं काठ्या दुरुस्त करण्याचं वेगळं टेबल त्यांनी शटरच्या आत मांडलं होतं. शटर उंच होतं. अण्णा सरळ आत गेले, आणि मला वाटतं तेवढ्यावरच त्यांचा त्या माणसावर विश्वास बसला.

अण्णा भिंतीला पाठ लावून उभे राहिले, उंची मोजतील म्हणून. बसवराजांनी त्यांना पुढं ओढलं. "उंचीचं काय काम न्हाई, सर. हात सैल सोडा. असं." आणि गुडघ्यावर बसून त्यांनी अण्णांच्या मनगटाच्या वळीपासून जमिनीपर्यंत टेप धरला. "नोड्री, बघा, उंच माणसाचे हात पण लांब असले की साधी काठी चालते. मनगट जमिनीपासून किती वर, तेवढंच आम्हाला पायजे."

"मग माझं?"

"तुमचं मनगट म्हंजे माझ्या बायकोचा खांदा, सर."

अण्णा मनापासून हसले. त्यांना असं हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही.

नंतर पात्याच्या तळाला चिकटपट्टी लावून त्यांना काळ्या फळीवरून काठी मारायला लावली. फळीचा डाग पट्टीवर ज्या जागी उठतो तिथं पातं जमिनीला लागतं. डाग पार टोकाला होता. दांडी लांब करायची आणि पातं वाकवून दांडी जास्त उभी बसवायची, असं ठरलं. लांब दांड्या बंगळूरहून मागवायच्या होत्या. एक हाताशी होती. तिच्यावर नमुन्यादाखल सात नंबरची काठी करून दिली.

त्या सकाळचं मी एवढंच सांगू शकतो. अण्णा चेंडूपाशी उभे राहिले. गुडघे किंचित सैल, पाठ फळीसारखी सरळ, हात खाली सुटलेले, आणि काठी बरोबर हातांना भेटली. पातं जमिनीवर सपाट बसलं. मारल्याचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा, बारीक आला. चेंडू डावीउजवीकडं गेलाच नाही, समोर गेला आणि समोरच पडला. त्यांनी दुसरा मारला नाही. गवतावर बसले, काठी मांडीवर आडवी घेतली, आणि म्हणाले, "सगळ्या काठ्या आल्या की एक पुरी फेरी खेळायची. पहिल्यापासनं शेवटपर्यंत सरळ उभं राहून. एकच. मग बॅग माळ्यावर टाकली तरी चालंल."

दांड्या यायला पावसाळा उलटला. नमुन्याची काठी त्यांनी कपड्यात गुंडाळून ठेवली. मोडली तर काय, म्हणून. खेळायचे जुन्याच काठ्यांनी. त्या पावसाळ्यात त्यांची पाठ दुखायला लागली. आधी कमरेत, मग वर. बायको म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. अण्णा म्हणाले, "डॉक्टर काय सांगणार? दुखणं कशाचं ते मला ठाऊक हाय. एवढी वर्षं दुसऱ्याच्या मापाच्या काठ्या मारल्या. नव्या आल्या की पाठ सरळ हुईल."

आम्हाला ते पटलं. ज्यांनी त्यांना त्या काठ्यांवर वाकलेलं बघितलं होतं, त्या कुणालाही ते पटलं असतं. औषधासारखी आम्ही त्या दांड्यांची वाट बघत होतो. अण्णा जिना चढेनासे झाले, जेवण कमी झालं, चेहरा मातकट पडला. आणि आम्ही रोज विचारत होतो, बंगळूरचा माल आला का.

आला. बसवराजांनी सगळा संच करून, पुसून, नव्या मुठी चढवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर अण्णांनी पहिली काठी काढली.

पात्याची टाच, म्हणजे दांडीकडची बाजू, मातीत रुतली. चेंडू डावीकडं, खोल गेला. दुसराही. तिसऱ्या वेळी काठीची मूठ त्यांच्या पोटाला अडली आणि ते कळवळले. नेहमी उजवीकडं जाणारा चेंडू आता डावीकडं जात होता. अण्णा काठ्यांकडं बघत राहिले. "लांब झाल्या," ते म्हणाले. "त्यानं माप चुकवलं."

रिक्षानं आम्ही तसेच उद्यमबागेत गेलो. अण्णा कुणावर आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. बसवराज ऐकून घेत होते. मग म्हणाले, "नमुन्याची काठी दिलती की तुम्हाला. ती तर बसलेली. ती मारून बघू."

ती काठी बॅगेत होतीच. पट्टी चिकटवली. अण्णांनी फळीवरून काठी मारली. पट्टीवरचा डाग टाचेला होता. त्याच काठीनं त्यांनी समोर, सरळ चेंडू मारलेला मी बघितला होता.

"सरळ उभे राहा, सर."

"सरळच हाय की."

"खांदे वर घ्या जरा."

"अहो, सरळ उभा हाय मी!"

बसवराज गुडघ्यावर बसले. मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धरला.  टेप गुंडाळून टेबलावरची पोलादी पट्टी आणली, ती लावली. मग आमच्याकडं न बघता म्हणाले, "दोन इंच कमी यायलंय."

"पट्टी बदला."

"पट्टी बरोबर हाय, सर."

"मग काठी वाढली काय?"

"लोखंड वाढत न्हाई, सर," बसवराज हळू म्हणाले. मागं लेथ चालू होतं. त्यांनी कामगाराला हात करून ते बंद करायला लावलं. 

घरी आल्यावर अण्णा कुलूप उघडून सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडं गेले. दारात उभे राहिले. अंगठा डोक्यावर टेकवला, वीत ताणली. करंगळी हवेत राहिली. त्यांनी पुन्हा केलं. मला तेव्हा आठवलं की बऱ्याच दिवसांत त्यांनी हे केलं नव्हतं. दुखत असल्यामुळं हात डोक्यापर्यंत न्यायचं टाळत असावेत. माझ्या काखेत ग्रंथालयाचं एक जाडजूड पुस्तक होतं. रिक्षात वाचेन म्हणून घेतलेलं, उघडलंही नव्हतं.

"ते द्या बघू," अण्णा म्हणाले.

मी दिलं. त्यांनी ते डोक्यावर आडवं ठेवलं, त्याच्यावर अंगठा टेकवला आणि वीत उभी केली. करंगळी लाकडाला लागली.

पुस्तक डोक्यावर तसंच धरून ते म्हणाले, "घर खचलं न्हाई."

त्यानंतरचं लवकर सांगून टाकतो. हाडांच्या मगजातला कर्करोग होता. पाठीचे मणके आतून पोकळ होऊन एकमेकांवर दबत चालले होते. माणूस त्यानं खरोखरच आखूड होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. उशीर झाला होता, हेही सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे माप बरोबर होतं."

"कसलं माप?" डॉक्टरांनी विचारलं. 

दवाखान्यातून घरी न जाता त्यांनी रिक्षा उद्यमबागेत घ्यायला लावली. बसवराज शटरपर्यंत आले. अण्णा रिक्षातून उतरले, त्याला वेळ लागला, आणि उभे राहून म्हणाले, "मी तुम्हाला नको ते बोललो. तुमचं माप बरोबर हुतं."

"चूक असतं तर बरं झालं असतं की ओ, सर," बसवराज म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, "काठ्या आणून द्या. कापून देतो. आत्ताच्या मापाला बसतील. ती फेरी खेळून टाका."

"कापायच्या न्हाईत."

"सर, थोडंसंच कापायचं—"

"त्या माझ्या मापाच्या हाईत."

आक्का निपाणीहून येऊन राहिल्या. खालच्या खोलीत बहीणभावाचं रोज त्यावरून चालायचं. वर आम्हाला ऐकू यायचं.

"लोखंडाला कसला जीव लावतोस रं? काप की. खेळायची हाय न्हवं तुला ती फेरी?"

"सरळ उभं राहून खेळायची हाय."

"आणि वाकून खेळलास तर काय कुणी फाशी देतंय? आमच्या बानं जलमभर वाकून काढलं. मेला न्हाई त्येनं."

"त्येनंच मेला, आक्का."

 संध्याकाळी आक्का वर आल्या, बायकोकडं चहा मागितला आणि कप हातात धरून न पिताच बसून राहिल्या.

थंडीत एके दिवशी जरा बरं वाटत होतं तेव्हा अण्णांनी खालून हाक मारली. "ताई, तो पाट हाय का रिकामा?" बायको पोळ्या करत होती. तवा उतरवून तिनं पाट पुसला, मी खाली नेला. अण्णा मागच्या अंगणात होते. कमरेला पट्टा, अंगावर शाल, हातात सात नंबरची काठी. पाट भिंतीपासून लांब, मोकळ्यावर ठेवायला सांगितलं. माझ्या आधारानं त्यावर चढले. शाल मला दिली.

हात सैल सोडले. काठी खाली गेली आणि पातं फरशीवर सपाट बसलं. पाटानं त्यांना गेलेलं माप परत दिलं होतं. चेंडू नव्हता. ते नुसते उभे होते, मारण्याच्या आधी माणूस उभा राहतो तसे, नजर समोर खाली. पाठ शक्य तितकी सरळ होती. आक्का मागच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या मला दिसल्या.

"अण्णा," मी म्हणालो, "हा पाट आपण कॅम्पात नेऊ. मी उचलतो. प्रत्येक चेंडूपाशी ठेवतो. फेरी पुरी करू."

त्यांनी नजर उचलली नाही. "नियमात बसत न्हाई. पायाखाली काही रचून उभं राहायचं न्हाई, असा नियम हाय."

"कोण बघतंय?"

"मी बघतोय की."

आणखी थोडा वेळ ते तसेच उभे राहिले. मग काठी माझ्याकडं दिली आणि उतरण्यासाठी माझ्या खांद्यावर हात टेकला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता. भार सगळा दिला. "तुमची उंची आता माझ्या उपयोगाची हाय," ते म्हणाले. "पयल्यांदाच बघा." पाट त्यांनी मला लगेच वर न्यायला लावला. म्हणाले, "ताईंच्या पोळ्या थांबल्या असतील."

पाट पुन्हा त्यांनी मागितला नाही. फेरी झाली नाही.

ते गेले तेव्हा आमच्या गल्लीत गटाराचं खोदकाम चाललं होतं. दारासमोर मातीचा ढीग आणि पाइप पडलेले, त्यामुळं तिरडी बाहेर बांधायला जागा नव्हती. हॉलमध्येच बांधायला घेतली. बांबू आणणारे लोक निपाणीकडचे, नात्यातले. त्यांनी अण्णांना बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं, पण उंचीची आठवण सगळ्यांना होती. कुणी डोक्याच्या वर हात धरून, कुणी टाचा उंचवून हात वर करून सांगितलं, एवढे हुते. त्या आठवणीवर बांबू कापून आणले होते.

अण्णांना वर ठेवलं तेव्हा पायाकडं बांबू बरेच शिल्लक राहिले. शेवटच्या दिवसांत ते आणखी खचले होते. पांढऱ्या चादरीखाली जे होतं त्याच्या आणि बांबूच्या टोकाच्या मध्ये नुसत्या सुतळीच्या आडव्या गाठी दिसत होत्या. आलेले लोक तिथं बघत होते आणि नजर काढून घेत होते. बसवराज कोपऱ्यात उभे होते. त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत नजर टाकली आणि चष्मा काढून पुसत राहिले.

बांधणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "लई लांब झाली की रं. वळणावर अडंल. आण करवत, कापून टाकू." दुसरा उठला.

आक्का डोक्याशी बसल्या होत्या. अंगावर जांभळ्या काठाचं लुगडं होतं. 

"कापायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

"आक्का, मोकळी दिसतीया वो पायाकडनं. आखूड केली तर—"

"न्हाई म्हटलं न्हवं? त्येच्या मापाची हाय ती."

करवत घेतलेला माणूस माझ्याकडं बघायला लागला. मी नको म्हणून मान हलवली. त्यानं करवत भिंतीला टेकवून ठेवली.

त्रिसरण झालं. चौघांनी तिरडी हॉलमध्येच खांद्यावर घेतली. मीही पुढं झालो होतो, पण माझा खांदा बांबूला पोचला नाही. कुणीतरी हळूच म्हणालं, "तुम्ही हात लावा, सर," आणि मी हात वर करून मागच्या टोकाला, जिथं चादरीखाली काही नव्हतं तिथं, बांबू धरला. दाराशी आल्यावर निपाणीकडचे पुढचे दोघं सवयीनं गुडघ्यात वाकायला लागले.

"वाकू नका," मी म्हणालो. "लागत न्हाई."

त्यांनी वर बघितलं. चौकट बरीच वर होती. ते सरळ झाले, आणि आम्ही अण्णांना तसेच बाहेर नेलं.